पहिला नग, शेवटचा नग

माझ्या हातून गेलेला माल कधी परत आला नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललोय की ते सुरू झालं की आमची मंडळी उठून गॅस बारीक करायला जाते. गॅस बारीकच असतो.

माझं शिक्षण चौथी. आधी भोसरीला आणि मग चाकणला, एकतीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली, त्यातली बावीस इन्स्पेक्शनला. पत्रा डायखाली, म्हणजे साच्याखाली जातो, प्रेस दणका देते, नग बाहेर पडतो. शिफ्ट सुरू झाली की पहिला नग माझ्या टेबलावर यायचा. मी मापाला व्हर्निअर लावायचो, गेज घालून बघायचो, आणि माझा हिरवा शिक्का पडल्याशिवाय लाइन चालू व्हायची नाही. शिफ्ट संपताना शेवटचा नग यायचा. पहिला बरोबर, शेवटचा बरोबर, म्हणजे मधले सगळे बरोबर. डाय तीच, पत्रा तोच, मग मधला नग वेगळा येईल कसा? हा नियम मला कोणी पुस्तकातून शिकवला नाही, पण कारखान्यांचा सगळा पट्टा त्याच्यावर चालतो.

पुढचं मात्र आजवर घरात कोणाला सांगितलं नव्हतं. रिपोर्टात दर तासाचं माप लिहायची जागा असायची. ती मापं मी टेबलाशी बसून एकदमच भरायचो. पहिल्याचं माप माहीत, शेवटच्याचं माहीत, मधल्यांचे आकडे थोडे इकडे, थोडे तिकडे. सगळेच असं करायचे. तरी कंपनीनं मला दोनदा स्टेजवर बोलावून नारळ आणि शाल दिली. त्या शाली कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. हल्ली ते कपाट मी उघडत नाही.

आता सुनेचं सांगतो. ती आयटी कंपनीत नोकरी करते. ते काम वेगळं. त्याशिवाय ती एक फुकटचं काम करते, आणि माझ्या मते त्यातच तिचा जीव जास्त आहे. छोट्या दवाखान्यांसाठी एक सॉफ्टवेअर आहे. कॉम्प्युटरवर इंटरनेट लावलं की उघडतं. कोणत्या बाळाचा लसीचा डोस कधी, या आठवड्यात कोणाला फोन करायचा, याची यादी ते काढून देतं. ते कोणाच्याच मालकीचं नाही. देशोदेशीची पंधरा-वीस माणसं मिळून ते बनवतात आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवतात. यालाच ओपन सोर्स म्हणतात. मला आधी पटेना. आमच्याकडं ड्रॉइंग कपाटात कुलपात असायचं आणि किल्ली साहेबाच्या खिशात. ह्यांनी ड्रॉइंग चौकातल्या भिंतीवर लावलंय. कोणीही यावं, चूक काढावी, जमलं तर दुरुस्त करून द्यावी.

दर दोन महिन्यांनी ते नवं व्हर्जन बाहेर काढतात. त्याला रिलीज म्हणतात. पहिले सहा आठवडे जो तो आपापलं नवीन काम त्यात घालतो. मग एका दिवशी दार बंद. त्याला फ्रीज म्हणतात. त्यानंतर नवीन काही घालायचं नाही, पुढचे दोन आठवडे फक्त तपासायचं. ज्या ज्या भाषेत ते चालतं त्या भाषेचा माणूस आपली तपासणी करतो, कागदावर खुणा करतो, आणि सगळ्या खुणा आल्या की त्या वेळचा प्रमुख बटण दाबतो. प्रमुखाची पाळी फिरती असते. वर्षानुवर्षं काम केल्यावर पाळी मिळते, मागून मिळत नाही. गेल्या हिवाळ्यात ती पहिल्यांदा आमच्या सुनेकडं आली. आमच्या काळेवाडीतल्या दोन खोल्यांमधून सगळ्या जगाचा रिलीज निघणार होता. भाजीवाल्यालासुद्धा हे मी सांगितलं होतं, तिला न विचारता.

मी तिला एकदा विचारलं होतं, की फुकटच्या मालाला तारखेची एवढी घाई कशाला. आज नाही गेला तर परवा जाईल.

ती म्हणाली, "अण्णा, फुकट आहे म्हणूनच तारीख पाळायची. इथं पगार नाही, साहेब नाही. मग माणसांनी विश्वास कशावर ठेवायचा? तारखेवर."

मराठीची तपासणी आधी साताऱ्याकडचे एक शिक्षक करायचे. त्यांना वेळ मिळेनासा झाला तेव्हा सून माझ्याकडं आली. म्हणाली, तुम्हाला फक्त मराठी येतं आणि तुम्ही खोड काढल्याशिवाय राहत नाही, असाच माणूस मला पाहिजे. मी छाती फुगवली. पहिल्या दोन रिलीजला मी खरंच मन लावून तपासलं. एका ठिकाणी मुलीच्या नावापुढं 'तो आला' येत होतं, ते काढलं. एक तारीख उलटी पडत होती, ती धरली. इंटरनेटवर त्यांचं सगळ्यांना वाचता येईल असं एक उघडं पान आहे, त्यावर माझ्याबद्दल दोन ओळी कोणीतरी इंग्रजीत लिहिल्या. सुनेनं वाचून दाखवल्या. मी तिला तीनदा वाचायला लावल्या.

त्याच दिवसांत ती मला निघोजेला घेऊन गेली. तिथं एका ट्रस्टचा दोन खोल्यांचा दवाखाना आहे, कंपन्यांच्या आजूबाजूला भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या लोकांसाठी. दवाखाना एक सिस्टर चालवते. पन्नाशीची, गुडघे दुखणारी, तोंडानं फटकळ. तिच्या कॉम्प्युटरवर हेच सॉफ्टवेअर आहे, पण शेजारी जाडजूड लांबडी वही. स्क्रीनवरची यादी ती दर आठवड्याला वहीत उतरवून काढायची.

मी म्हणालो, "सिस्टर, हे दोनदा काम कशाला करता?"

"सवय हो अण्णा. मशीनचा काय भरवसा."

"मशीनचा नका धरू, माझा धरा. आता माल मी पास करतो. वही माळ्यावर टाका."

ती हसली. सून माझ्याकडं बघत होती. तिनं काही म्हणायच्या आत मी पुढचं बोलून टाकलं, की एकतीस वर्षांत एक नग परत आला नाही. सिस्टर म्हणाली, बरं, एवढं म्हणताय तर गुडघ्यांना तेवढाच आराम. पुढच्या महिन्यात सुनेकडून कळलं की तिनं वही बंद केली. मला फार बरं वाटलं. माझं कोणीतरी ऐकलं होतं.

सुनेच्या पाळीचा रिलीज आला. दार बंद झालं, तपासणी सुरू झाली. तिनं मला कागद दिला. त्यावर ओळी आणि प्रत्येक ओळीपुढं दोन चौकोन. एक 'ठीक', एक 'बिघाड'. यादीसाठी तीन ओळी होत्या. पहिलं पान, मधली पानं, शेवटचं पान. तपासायला खोट्या नावांची मोठी यादी करून ठेवलेली होती. पहिलं पान मी नीट पाहिलं, नाव नि नाव. मग शेवटच्या पानावर गेलो. तेही नाव नि नाव पाहिलं. दोन्ही बरोबर. मग मी मधल्या पानांपुढं 'ठीक'च्या चौकोनात खूण केली.

मधलं एकही पान मी उघडलं नव्हतं.

डाय तीच, पत्रा तोच, असं मी मनाशी म्हणालो. हे कारण खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. खरं कारण पुढं येईल. ते सांगायला मला जेवढा वेळ लागला तेवढा इथंही लागू द्या.

रिलीजच्या दिवशी तिनं सुट्टी घेतली होती. सगळ्या भाषांच्या खुणा आल्या होत्या. तिनं माझा कागद हातात घेतला आणि विचारलं, "अण्णा, मधली पानं खाली-वर करून पाहिलीत ना? यादीचं काम या वेळी नवीन आहे, म्हणून विचारते. राहिलं असेल तर एक दिवस थांबू. मी सांगते त्यांना."

म्हणजे तिनं दार उघडून धरलं होतं. मी नुसतं आत शिरायचं होतं.

मी म्हणालो, "माझ्या हातून गेलेला माल कधी परत आलाय का?"

मंडळी गॅस बारीक करायला गेली. सुनेनं बटण दाबलं. कुठून कुठून अभिनंदनाच्या ओळी येऊ लागल्या, ती हसत वाचत होती. घरात शिरा झाला. मी दोनदा घेतला.

अडीच आठवड्यांनी सिस्टरचा फोन आला. सकाळची वेळ, सून कामावर निघालेली, चप्पल घालता घालता तिनं फोन घेतला आणि तशीच उंबऱ्यावर बसली. एक बाई बाळाला घेऊन आपणहून दवाखान्यात आली होती. कार्डावर तारीख उलटून गेलेली. या वेळी फोन का नाही आला, असं तिनं विचारलं, तेव्हा सिस्टरनं शोधाशोध केली. झालं होतं असं, की मराठीत पहिल्या पानावरून 'पुढे'चा बाण दाबला की यादी थेट शेवटच्या पानावर जायची. मधली पानं यायचीच नाहीत. बाकीच्या भाषांत बरोबर चालत होतं. सिस्टर दर आठवड्याला पहिलं पान बघायची, बाण दाबायची, शेवटचं बघायची आणि समजायची की झालं. मधल्या पानांवरच्या बाळांना फोन गेलेच नाहीत. आणि पडताळून बघायला वही नव्हती.

सून त्या दिवशी कामावर गेली नाही. संध्याकाळपर्यंत तिनं आणि आणखी दोघांनी मिळून ते दुरुस्त केलं आणि मधेच एक छोटा रिलीज काढला. असा मधला रिलीज काढावा लागणं म्हणजे आमच्याकडं गेटबाहेर गेलेल्या मालाची गाडी परत बोलावण्यासारखं. मी शेजारच्या खोलीत टीव्हीसमोर होतो. आवाज बंद केला होता. ती येईल आणि विचारेल, याची वाट बघत होतो. ती आली नाही.

त्यांच्यात एक रीत आहे. असं काही झालं की ते सगळं त्या उघड्या पानावर लिहायचं. काय झालं, कसं झालं, परत होऊ नये म्हणून काय करणार. कोणाचं नाव घालून बोट दाखवायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी घरच्या कॉम्प्युटरवर तिचं ते पान उघडलं. इंग्रजी मला येत नाही. पण फोनचा कॅमेरा अक्षरांवर धरला की फोन मराठीत करून दाखवतो, हे तिनंच मला औषधाच्या बाटलीसाठी शिकवलं होतं. अक्षरं उडत होती. कोणीतरी विचारलं होतं, मराठीची तपासणी झाली नव्हती का? त्याखाली सुनेची ओळ. फोननं तिचं मराठी केलं ते असं: 'तपासणी झाली अशी नोंद होती. ती खरी आहे का हे पाहणे माझे काम होते. चूक माझी.'

नोंद होती. खोटी होती असं तिनं म्हटलं नव्हतं. फोन मी उपडा ठेवला.

आमच्या कंपनीतही असे कागद असायचे. त्याला व्हाय-व्हाय म्हणायचे. का झालं, ते का झालं, त्याचंही का, असं पाच वेळा विचारत मुळापर्यंत जायचं. मी असे कितीतरी भरले. पहिल्याच ओळीत लिहायचो, 'ऑपरेटरचे दुर्लक्ष', आणि शेवटी, 'ऑपरेटरला समज दिली'. मधे काय लिहायचं ते ठरलेलं होतं. ज्यांना समज दिली त्या पोरांची तोंडं मला आठवत नाहीत. आठवायला पाहिजेत.

सिस्टर गुडघे धरून खोल्या-खोल्यांतून फिरली. राहून गेलेली बाळं तिनं एकेक करून बोलावली. एक राहिलं. नऊ महिन्यांची मुलगी. बाप गोडाऊनच्या शेडमध्ये फरशीचं काम करणारा, फोन बंद, खोली सोडून गेलेला. खोलीच्या मालकाला एवढंच माहीत होतं की देहूरोडच्या बाजूला कुठंतरी काम लागलंय. डोसचा फोन जायला हवा होता तेव्हा ते लोक निघोजेतच होते. हे सून मंडळीला हळू आवाजात सांगत होती. मी चपला घातल्या, स्कूटर काढली. कुठं चाललात, मंडळीनं विचारलं. मी म्हणालो, हवा भरून येतो.

पहिल्या दिवशी काही हाती लागलं नाही. या पट्ट्यात मला कोण ओळखत नाही अशी माझी ऐट, पण चार ठेकेदारांना विचारलं आणि चौघांनीही आधी मला विचारलं, तुम्ही कोण? मी सांगायचो, दवाखान्याकडून आलोय. दुसऱ्या दिवशी देहूरोडला लष्कराच्या भिंतीपलीकडं पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे, तिथं एका सुतारानं हात दाखवला. शेवटून दुसरी खोली. दारात एक बाई तांदूळ निवडत होती आणि मुलगी तिच्या पाठीला धरून उभी राहायला बघत होती.

मी नाव विचारलं, कार्ड विचारलं. बाई मराठवाड्याकडची. तिनं पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं कार्ड काढून दिलं. डोसची तारीख गेली हे तिला माहीत होतं.

"फोनची वाट बघितली ओ," ती म्हणाली. "मागल्या टायमाला सिस्टरचा फोन आल्ता. ह्या टायमाला न्हाई आला तवा वाटलं, आपलं नाव काडलं आसंल. आमी काय एका जागचे ऱ्हायतो व्हय?"

नाव काढलं असेल. तिला ते खटकलंही नव्हतं, इतकं ते तिच्या अंगवळणी पडलेलं.

मी म्हणालो, "न्हाई, नाव काढलं न्हाई. मशीनमधी जरा घोळ झाला व्हता."

मशीनमध्ये. हे मी तिच्या तोंडावर म्हणालो. तिनं लगेच चटई टाकली, खोलीतली एकुलती. चहा केला. शेजारणीला हाक मारून सांगितलं, बघ गं, दवाखान्यातले अण्णा आपल्या लेकरासाठी हुडकत आलेत, एवढ्या लांबून, ह्या वयात. शेजारीण दारातून बघून गेली. मुलगी रांगत आली आणि माझ्या पँटीला धरून उभी राहिली. मी तो चहा प्यायलो. नाही म्हणता आलं असतं. सांगता आलं असतं. मी प्यायलो आणि बशी खाली ठेवताना वर म्हणालो, साखर बरोबर झालीय. स्टेजवरच्या नारळाचं मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या चहाचं वाटतं. अजून वाटतं.

दवाखान्याच्या पुढच्या डोस द्यायच्या वारी मी रिक्षा करून मायलेकीला निघोजेला आणलं. सिस्टरनं कार्ड बघितलं, उशीर झाला तरी चालतो म्हणाली, पुढच्या तारखा नीट बघून घालून दिल्या. मुलगी रडली, मग शांत झाली. बाकावर चार-पाच बाया बसलेल्या. त्यांच्यादेखत सिस्टर म्हणाली, की ही सापडली ती अण्णांमुळं, नाहीतर कुठली सापडतेय.

तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही.

"सिस्टर, ती यादी मी तपासलीच न्हवती. मधली पानं उघडली न्हवती. तरी ठीक म्हणून खूण केली."

सिस्टर सुई टाकायच्या डब्याचं झाकण लावत होती. ते तिनं सावकाश लावलं. देहूरोडची बाई माझ्याकडं बघत होती. तिला किती कळलं कोण जाणे. तिनं मुलीला उचलून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, एवढंच.

"वही मी परत काढलीय, अण्णा," सिस्टर म्हणाली. पुढच्या बाईला तिनं हाक मारली.

बास, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर घरी येऊन सांगायला बरं पडलं असतं.

घरी सून जेवायला बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. तिनं घास खाली ठेवला. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या अण्णा. ती तसं म्हणाली नाही.

"मी त्या दिवशी फोनवर सगळ्यांना सॉरी म्हणत ते लिहीत होते, तेव्हा तुम्ही शेजारच्या खोलीत होतात. टीव्हीचा आवाज बंद होता. म्हणजे ऐकू येत होतं तुम्हाला."

"व्हय."

"सात वर्षं काम केल्यावर मला ती पाळी मिळाली होती."

मंडळी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. या वेळी गॅसकडं गेली नाही.

ताट तसंच ठेवून सून हात धुऊन आली आणि कागद घेऊन बसली. म्हणाली, आता नीट सांगा, मला ते परत लिहायचंय. मधली पानं का नाही उघडली? मी म्हणालो, पहिला नग बरोबर, शेवटचा बरोबर. ती म्हणाली, हे आधीच्या दोन रिलीजला का नाही केलंत? तेव्हा तर सगळी पानं पाहिली होती. ती थांबली. कंपनीत आम्हाला असं थांबायला कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही लगेच पुढची ओळ भरायचो.

शेवटी सांगितलं. आधीच्या व्हर्जनमध्ये खाली पानांचे आकडे असायचे. एक, दोन, तीन, दाबलं की उघडायचं. या वेळी आकडे गेले होते आणि बाण आले होते, एक बाण आणि दोन बाण. मी दोन बाण दाबले, शेवटचं पान आलं. परत मधे कसं जायचं ते कळेना. तपासणीच्या त्या दुपारी माझी सुनेला दोनदा हाक मारून झाली होती, स्क्रीनवरची अक्षरं मोठी कशी करायची म्हणून एकदा आणि पान आपोआप बंद झालं म्हणून एकदा. ती फोनवर मिटिंगमध्ये होती, दोन्ही वेळा उठून आली होती. दुसऱ्यांदा येताना तिनं श्वास सोडला होता. तसा साधाच. पण तिसऱ्यांदा हाक मारायला माझी जीभ उचलली नाही. मला जमत नाही, हे मी कंपनीतही कधी म्हणालो नव्हतो. ड्रॉइंगवरचं इंग्रजी मला वाचता यायचं नाही. बाजूच्याला म्हणायचो, चष्मा विसरलोय, जरा वाच रे. बावीस वर्षं मी चष्मा विसरत होतो.

मग सुनेनं विचारलं, "एक बाण दाबून पाहिला असतात तर बिघाड लगेच दिसला असता, हो ना?"

"व्हय. पहिल्याच दणक्यात."

तिनं ते लिहिलं. मी म्हणालो, माझं नाव घाल. ती म्हणाली, नाव घालायची आमच्यात पद्धत नाही. मी म्हणालो, मग तुझं कसं गेलं? ती म्हणाली, ते मी घातलं, कोणी घालायला लावलं नाही. मी हट्ट धरला. तिनं ऐकलं नाही. हट्टाला ती माझ्यापेक्षा कमी नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्या उघड्या पानावर आज असं आहे: 'तपासणाऱ्याला मधल्या पानांवर जाता आले नाही. कागदावर तसे सांगायला जागा नव्हती.' जागा नव्हती हे तिनं माझी लाज झाकायला लिहिलं, असं मला वाटलं. मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, नाही, ते खरंच आहे. आणि तिनं दोन चौकोनांच्या शेजारी तिसरा चौकोन काढला. 'ठीक', 'बिघाड' आणि 'पाहिलं नाही'. चार दिवस सगळ्यांची त्यावर चर्चा झाली आणि आता तो सगळ्या भाषांच्या कागदावर आहे.

मला वाटलं होतं, तपासणीचं काम ती माझ्याकडून काढून घेईल. पुढच्या वेळी दार बंद झालं आणि तिनं कागद माझ्यापुढं ठेवला. या वेळी प्रमुख दुसरंच कोणीतरी होतं, कुठल्यातरी थंड देशातलं. सुनेची पाळी परत कधी येईल ते तिला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

मी सगळी पानं उघडली, पुढे आणि मागे. तीन दिवस लागले. शेवटची एक ओळ राहिली, यादी छापून बघायची. आमच्याकडं छापायचं यंत्र नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बघायचं, तर ते दुकान त्या दिवशी बंद. तारीख तीच. छापल्यावर कसं दिसेल ते मला स्क्रीनवर दिसत होतं, अगदी बरोबर दिसत होतं. पेन 'ठीक'वर गेलं होतं. हाताला ती वाट बावीस वर्षांची पाठ आहे.

मी 'पाहिलं नाही'वर खूण केली आणि सुनेला हाक मारली. त्या दुपारची ती तिसरी हाक होती. ती आली, कागद पाहिला, आणि त्या थंड देशातल्या माणसाला तिनं कळवलं की मराठी उद्या. थोड्या वेळानं उत्तर आलं. मी विचारलं, काय म्हणतो? ती म्हणाली, 'बरं' म्हणतो.

सगळ्या जगाचा रिलीज माझ्यापायी एक दिवस थांबला. ही गोष्ट मी भाजीवाल्याला सांगितलेली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसलो होतो. या वेळी सुनेनं सिस्टरकडून तिच्या दवाखान्याची खरी यादी मागवून दिली होती, ती छापून घेतली आणि स्कूटरवरून निघोजेला नेऊन सिस्टरपुढं ठेवली. तिनं वही उघडली आणि बोट लावून एकेक नाव जुळवायला लागली. पहिल्यापासून, मधली न सोडता. मी उभाच होतो. तिनं बसा म्हटलं नाही, आणि मीही बसलो नाही.